शंकेचा श्वास

निवडणूक जाहीर झाली की आमच्या ठाण्यात बंदुका यायला लागतात. चोरांच्या नव्हेत, शेतकऱ्यांच्या. रानडुकरं आणि माकडं हाकलायला सरकारनेच परवाने दिलेल्या. बहुतेक ठासणीच्या, काही तर आजोबाच्या नावावरून नातवाच्या नावावर आलेल्या. आचारसंहिता लागली की त्या ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत न्यायच्या. ही पद्धत माझ्या जन्माआधीची. त्या घेऊन, चिठ्ठी बांधून, पावती देण्याचं काम मात्र गेली अकरा वर्षं माझं आहे. मी हेड कॉन्स्टेबल मृणाली गवस.

त्या दिवशी सकाळी पहिला नंबर पुनाजीचा होता. पुनाजी आमच्याच गावचा, सत्तरीचा, बंदूक त्याच्याहून मोठी.

"बाय, ही घे माझी म्हातारी. नीट ठेय, दमट लागता कामा नये."

"ठेवतंय. सही करा."

"करतंय गो. पण माका एक सांग. भात कापणीक इला. आचारसंहिता लागली म्हणान डुकरांका कोणी कळवल्यान काय?"

हा विनोद तो दर निवडणुकीला करतो. मी दर निवडणुकीला हसते. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नाही, कारण त्याचं निम्मं भात डुकरं खरोखरच खाऊन जातात.

यंदा मात्र टेबलावर दुसरं रजिस्टर होतं. त्यावर छापलं होतं, 'स्वरसाधने (जमा)'. लोक त्यांना गळपट्ट्या म्हणतात.

गळपट्टी म्हणजे दोन बोटं रुंदीची मऊ पट्टी, गळ्याला बांधायची. निघाली ती कर्करोगात स्वरयंत्र गेलेल्या लोकांसाठी. माणूस बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा गळ्याचे स्नायू हलतात. पट्टी ती हालचाल वाचते आणि त्या माणसाच्या जुन्या आवाजात बोलते. पण हा आवाज सपाट यायचा, एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा. ऐकणाऱ्याचं लक्ष दुसऱ्याच वाक्याला उडायचं. घरचीसुद्धा कंटाळायची.

मग कुणाच्या तरी लक्षात एक गोष्ट आली. ऐकताना माणसाला शंका आली की त्याचा श्वास निमिषभर अडतो. त्याचा त्यालाही पत्ता लागत नाही. पण छातीची हालचाल थांबते, आणि ती बारीक रडारने पंधरा फुटांवरून मोजता येते. तसलं रडार पट्टीत बसलं. समोरच्याचा श्वास अडला रे अडला, की पट्टी पुढच्याच शब्दाचा सूर बदलते. थोडा खाली घेते, थोडा रेंगाळते. शंका नीट मनात उतरायला जो अर्धा सेकंद लागतो, तेवढा ती मिळू देत नाही. याला जुळणी म्हणतात. जुळणी बसवल्यावर आजारी माणसांचं बोलणं घरची पुन्हा ऐकायला लागली. फार चांगलं झालं.

त्यानंतर ज्यांचे गळे ठणठणीत होते त्यांनीही पट्ट्या घेतल्या. विमेवाल्यांनी घेतल्या, लग्नं जमवणाऱ्यांनी घेतल्या, पुढाऱ्यांची तर झुंबड उडाली. तेच रडार लाउडस्पीकरमध्ये बसवलं की एका माणसाचं बोलणं अख्ख्या बाजाराला जुळवता यायला लागलं.

चार वर्षांपूर्वी, पट्ट्यांवर कसलंच बंधन नव्हतं तेव्हा, मी शेजारच्या तालुक्यात एका आठवडी बाजाराच्या बंदोबस्ताला होते. मोबाइलच्या जाहिरातीसाठी मांडव घातला होता, चार स्पीकर. पट्टी बांधलेला एक तरुण मध्येच म्हणाला, पोरं पळवणारा टेम्पो तो बघा, तिकडे उभा आहे. टेम्पो बसप्पाचा होता. बसप्पा चादरी विकायचा. आदल्या महिन्यात मीच त्याच्याकडून दोन घेतल्या होत्या. पहिल्या वाक्याला मी मनात म्हटलं, काहीतरीच काय. दुसऱ्या वाक्याला ते 'काहीतरीच' कुठे गेलं कळलं नाही. तिसऱ्या वाक्याला माझी काठी वर गेलेली होती.

बसप्पा वाचला. त्याचं उजवं मनगट अजून नीट वळत नाही. ते मी मोडलं.

चौकशीत मी निर्दोष सुटले. 'जुळणीच्या प्रभावाखाली' असा शेरा आहे माझ्या फायलीत. इतर ठिकाणी माणसं मेली, मग कायदा आला. कोर्टात दोन वर्षं एकच वाद चालला, पट्टी म्हणजे बोलणं की हत्यार? बोलणं म्हटलं तर अडवता येत नाही, हत्यार म्हटलं तर उघडं ठेवता येत नाही. शेवटी मधलं काहीतरी निघालं. पट्टी बाळगा, पण परवाना काढा, आणि निवडणुकीत बंदुकीसारखी ठाण्यात जमा करा. पळवाट नको म्हणून 'माणसाच्या वतीने बोलणारे कोणतेही यंत्र' असे शब्द घातले. त्यात फोनही आला. मुका माणूस फोनवर टाइप करून त्याला बोलायला लावत असेल, तर तेही बंद.

अर्जाचा नमुना कुणीतरी घाईत बंदुकीच्या अर्जावरूनच केला होता. 'शस्त्र' खोडून 'स्वरसाधन' लिहिलं, बाकी तसंच ठेवलं. नळ्यांची संख्या: एक / दोन. दारूगोळा किती? कोणत्या वन्य प्राण्यांपासून उपद्रव आहे?

तर त्या सकाळी पुनाजीच्या मागे बाबल परब उभा होता. बाबल एका पक्षाचा भाषणवाला. पट्टी त्याने टेबलावर ठेवली नाही, टाकली.

"मॅडम, हे लिहून घ्या. मी निषेध नोंदवतोय."

"निषेधाचा रकाना नाही, परबसाहेब. नळ्या किती?"

"थट्टा करू नका. बंदूक ही वस्तू आहे. ती काढून घेतली तर माणूस शिल्लक राहतो. बोलणं काढून घेतलं तर काय राहतं?"

"तुझो घसो ऱ्हवता मां," पुनाजी पावतीची घडी घालत म्हणाला. "आता ओरडतंस तो खंयच्या पट्टीन?"

"काका, तुम्हाला नाही कळायचं. हे लोकशाहीचं..."

"माका कळता. माझ्या बंदुकीन चाळीस वर्षांत दोन डुकरां मारल्यान आणि एक माझोच नारळ. तुझ्या पट्टीन गेल्या खेपेक माझां मत घेतल्यान. घरी गेल्यार बायलेन विचारल्यान, कित्याक दिलंस? माका सांगूक येयना."

रांग हसली. बाबलही थोडा हसला, तो काही वाईट माणूस नाही. मी पावती फाडून दिली आणि पुढचा कोण म्हणून वर बघितलं.

पुढचे माझे वडील होते.

विश्राम गवस, वय शहात्तर. एका हातात गावच्या बागेची काडतुशी बंदूक, गळ्याला पट्टी. सकाळी मी घरून निघाले तेव्हा ते पेपर वाचत होते. काही बोलले नव्हते. रिक्षाने आले आणि सगळ्यांसारखे रांगेत उभे राहिले.

"बाबा, तुमी कित्याक इलात? तुमच्यासाठी मी सूट मागणार होतंय."

"सूट मिळापर्यंत कायदो कायदो," ते म्हणाले. पट्टीतून त्यांचा आवाज नेहमीसारखा आला, जाड, ऊबदार, थोडा थट्टेचा. मला लगेच पटलं. "तुझ्या टेबलार तुझ्याच बापाशीक सोडलंस, असा कोणी म्हणता नये."

त्यांनी बंदूक ठेवली. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन पट्टीची पकड सोडवली आणि ती बंदुकीशेजारी ठेवली. त्यानंतर त्यांनी ओठ हलवले, पण मला काही ऐकू आलं नाही.

इथे मला मागचं सांगायला हवं.

मी सव्वीस वर्षांची असताना नवऱ्याचं घर सोडून सात वर्षांच्या मुलीला घेऊन बाबांच्या दारात उभी राहिले. ते ओट्यावर बसले होते, खळ्यात शेजारी जमलेले. बाबा म्हणाले, "ह्या घरात तुका जागा नाय." एवढंच, एकदाच, कसल्याही यंत्राशिवाय. मी मागे फिरले. पोलीस भरतीला उतरले, मुलीला वाढवलं, ती आता रत्नागिरीला नर्सिंग शिकते. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. त्यातच आई गेली. मग त्यांच्या गळ्याचं कळलं. ऑपरेशन झालं. आवाज बनवायला त्यांच्या जुन्या बोलण्याचा नमुना हवा होता, आणि तो सापडला माझ्याच लग्नाच्या व्हिडिओत. बाबा ओरडून पंगत बसवत होते. त्या ओरडण्यातून पट्टीचा आवाज तयार झाला. पट्टी बांधल्यावर पहिलं वाक्य ते मला म्हणाले, "माझा चुकला, बाय."

मी दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले. महिन्याभरात त्यांना माझ्या क्वार्टरवर घेऊन आले. याला तीन वर्षं झाली.

पट्टी जमा झाल्यावर बाबा कागदावर लिहायला लागले. आधी मोठमोठ्या अक्षरांत, मग कंटाळून अर्धंच. 'चाय.' 'पेपर?' बाजारात मासेवालीला चिठ्ठी दाखवावी तर तिला वाचता येत नव्हतं, मग बोटांनी खुणा करून ते बांगड्याऐवजी तारले घेऊन आले. शेजारी त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले, जणू कान गेले होते. मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा कळायचं नाही, कारण पावतीवर सही माझी होती.

सूट मागायच्या अर्जातले रकाने त्यांनी स्वतः भरले. नळ्यांची संख्या: 'एकच होती, डॉक्टरांनी काढली.' दारूगोळा: 'पेज व मासे.' उपद्रव देणारे वन्य प्राणी: 'अर्ज तयार करणारे.' मी म्हटलं, हे खोडा. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

दहाव्या दिवशी छाननी समितीपुढे सुनावणी होती. दर निवडणुकीत कुणाची बंदूक जमा करायची नि कुणाला सूट द्यायची हे ही समिती ठरवते, आता पट्ट्यांचंही तीच बघायची. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी मॅडम, एक पोलीस उपअधीक्षक, आणि तज्ज्ञ म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञ लविना फर्नांडिस. बाबांना बोलणं शिकवलं होतं ते लविनानेच.

कारकुनाने नियम वाचला. "अर्जदाराने आपले म्हणणे समितीपुढे तोंडी मांडावे. लेखी निवेदन ग्राह्य धरले जाणार नाही."

बाबांनी तोंड उघडून दाखवलं. आतलं दिसेल एवढं मोठं.

उपअधीक्षक हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमचा चेहरा लाल झाला. "हे... असं नव्हतं अपेक्षित. लेखी घ्या. नियम मी बघते. काका, माफ करा. अशा केसमध्ये सूट द्यायलाच हवी. बंदुकीशिवाय शेतकरी महिनाभर राहील, आवाजाशिवाय माणूस कसा राहील? मी पूर्ण सूट लिहू का?"

"मॅडम, त्याआधी एक बघा," लविना म्हणाली. तिच्यासमोर बाबांची पट्टी होती, एका वायरने पडद्याला जोडलेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "पट्टी दोन कामं करते. एक बोलणं, दुसरं जुळणी. जुळणीची कणी वेगळी काढता येते, बंदुकीतून काडतूस काढावं तशी. मग बोलणं राहतं, फक्त सपाट. एरवी दवाखान्याच्या पट्ट्यांची जुळणी अगदी सौम्य असते, म्हणून मी सूट द्या म्हणाले असते. पण नोंद तपासणं माझं काम आहे."

"कसली नोंद?"

"प्रत्येक ऐकणाऱ्यावर पट्टीला किती जोर लावावा लागतो, त्याची. शून्य ते दहा. नाव नसतं. श्वासाच्या ढबीवरून पट्टी माणूस ओळखते." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा ऐकणारा दोन. हा तीन. इथे डॉक्टर असावेत, दीड. आणि हा एक... सरासरी नऊ. तीन वर्षं, रोज."

"एवढा कशाला?"

"पट्टी शिकत जाते, मॅडम. जिथे श्वास जास्त अडतो तिथे ती जास्त जोर लावते. या माणसाचा श्वास जवळजवळ प्रत्येक वाक्याला अडतो."

"कोण आहे हा माणूस?"

"रोज संध्याकाळी सातनंतर," लविना हळूच म्हणाली, "आणि रविवारी दिवसभर."

खोलीत पाचच जण होतो, सहावा कारकून. मी माझ्या मांडीवरच्या टोपीकडे बघत होते. दोन वर्षांपूर्वी माझी बढती झाली होती, रत्नागिरीला, मुलीच्या जवळ. बाबा म्हणाले होते, "हंय बरा आसा मां?" इथेच बरं, हे मला पटलं होतं. मी बढती नाकारली होती आणि लोकांना सांगितलं होतं, इथली हवा मानवते.

मी वर बघितलं तेव्हा बाबा पडद्यावरच्या नऊच्या आकड्याकडे बघत होते. त्यांना हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी त्यांच्या घरात नसेन, पण खोटं बोलताना त्यांचा चेहरा कसा होतो हे मला माहीत आहे, आणि तो तसा नव्हता. एखाद्याच्या हातात भरलेली बंदूक आहे असं त्याला तीन वर्षांनी कुणीतरी सांगावं, तसा होता.

त्यांनी माझ्याकडे हात केला, कागदासाठी. पुष्कळ वेळ लिहिलं, मग खोडलं, मग दोन ओळी ठेवल्या. मॅडमनी वाचून दाखवल्या. "'कणी जमा करून घ्यावी. मुलीस काही विचारायचे आहे, ते त्याशिवाय विचारायचे आहे.'"

"काका, विचार केलात ना? सपाट आवाजात लोक ऐकत नाहीत हो. तुम्हाला कायद्याने पूर्ण सूट मिळते आहे."

बाबांनी त्याच कागदावर खाली लिहिलं, 'ऐकू नये.'

लविनाने चिमट्याने कणी काढली, तांदळाच्या कणीएवढीच होती. पाकिटात घातली, वर चिठ्ठी लावली. बाबांच्या गळ्याला पट्टी बांधून दिली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "चाय. घेवया. काय."

प्रत्येक शब्द एकाच उंचीचा. मला हसू आलं, आणि मग हसू आल्याचीच भीती वाटली. इतके दिवस हसले ते हसू कोणाचं होतं?

पुढचे काही दिवस मी वेड्यासारखी छातीवर हात ठेवून त्यांचं बोलणं ऐकायची. "उजेड कमी झालो," ते म्हणायचे. मी बघायची, अडला का? "लाइट बिल इला." आता? कधी अडायचा, कधी नाही. बाजारात बसप्पाच्या टेम्पोसमोर माझ्या आत जे झालं होतं ते माझ्याच स्वयंपाकघरात तीन वर्षं होत होतं, हे डोक्यातून जाईना. फरक एवढाच की तिथे काठी वर गेली होती आणि इथे मी मऊ झाले होते. काठीसाठी मला शेरा मिळाला. मऊपणासाठी कुणी चौकशी करत नाही.

बंदुका आणि पट्ट्यांचं मी पुष्कळ ऐकलंय, दोन्ही बाजूंचं, टेबलावर बसून ऐकावंच लागतं. माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगते. बाबांनी ओट्यावरून काढलेल्या त्या एका वाक्याने माझी नऊ वर्षं नेली. त्याला परवाना लागला नव्हता. लागावा असंही मला वाटत नाही. तोंडातून येणाऱ्या वाक्याला कुलूप घालणारा कायदा असता तर मला माझे वडील कळलेच नसते. मी जन्मभर त्यांना चांगलं समजून जवळ राहिले असते आणि त्यांनी मला तसंच बाहेर ठेवलं असतं, फक्त गोड बोलून. कुलूप हवं ते माझा श्वास मोजणाऱ्या कणीला. मी अडले तर मला अडू द्यावं, एवढंच. हे मी मॅडमना लिहून पाठवणार होते. मग वाटलं, त्यासाठीही नमुना असेल, आणि त्यात नळ्यांची संख्या विचारतील.

बाबांनी काहीच विचारलं नाही. एक आठवडा गेला. मीही विषय काढला नाही. विचारलंच तर काय सांगायचं, ते मला ठाऊक नव्हतं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती होती. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात जे माफ केलं ते मी केलं होतं की तांदळाच्या कणीने? कणीने केलं असेल तर आता माझ्या घरात बसलेला हा म्हातारा माझा कोण? त्याला जेवायला कशासाठी वाढायचं?

रविवारी दुपारी वाढलंच. बांगड्याचं तिखलं आणि भात.

"तिखल्यात. मीठ. जास्त पडलां," बाबा म्हणाले.

त्या आवाजात ते गाडी सुटल्याच्या सूचनेसारखं वाटलं.

"मग खाव नको," मी म्हटलं.

तीन वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी हात थांबवला. मी उठून मोरीकडे गेले, मग तिथूनच फिरले.

"बाबा, त्या दिवशी पोरीक ताप होतो. एकशे तीन. माझ्या खांद्यार डोक्या टाकून होती. तुमका दिसत नाय होता?"

"दिसत होता."

"मगे?"

ते ओठ हलवत राहिले. आधी काही आलं नाही, कारण आता जुळणीची मदत नव्हती. सगळं त्यांनाच शोधायचं होतं.

"लोक बघी होते," ते म्हणाले. "सगळो वाडो. खळ्यात. माका लाज वाटली. तुझी नाय. माझी. माझ्या चेडवाचा लग्न मोडला म्हणान लोक माका काय म्हणतीत, ती."

"एवढाच?"

"एवढाच. दुसरा कारण शोधलंय. नऊ वर्षां. मिळूक नाय."

मी पदराने हात पुसत उभी राहिले. किती लहान कारण होतं. मला वाटत होतं काहीतरी मोठं असेल, जुनी अढी, नवऱ्याने भरवलेलं काही, निदान माझं काही चुकलं असेल. तीन वर्षं 'माझा चुकला' ऐकत होते, पण काय चुकलं ते त्यांना कधी सांगावंच लागलं नव्हतं. सांगायच्या आधीच माझं मन भरून यायचं. ते भरून आलं की तेही थांबायचे. दोघांनाही बरं वाटायचं.

"आणि आईच्या मयताक?" मी विचारलं. "माका कळवलात नाय. माका दोन दिसांनी पुनाजीन सांगितल्यान."

"कळवूक होया होता."

"होया होता म्हणजे काय? फोन होतो मां घरात?"

"होतो. नंबर लावलंय. तू उचललंस. 'हॅलो' म्हणालंस. माका बोलूक येयना. तेव्हा गळो चांगलो होतो."

मला तो फोन आठवला. कुणीतरी नुसतंच ऐकत होतं आणि मी दोन शिव्या देऊन ठेवला होता. पोलिसात अशा फोनांची सवय असते.

मी खाली बसले. ओरडलेही थोडी, सगळं इथे लिहीत नाही. शेजारच्या क्वार्टरमधून कुणीतरी खिडकी लावून घेतली. बाबा मध्ये मध्ये बोलत होते. त्यांचा आवाज वर चढू शकत नव्हता, खाली येऊ शकत नव्हता. त्यामुळे प्रत्येक वाक्य मला वेगळं उचलून बघावं लागत होतं. काही पटली. काही अजिबात पटली नाहीत, आणि ती न पटलेली तशीच आमच्या मध्ये पडून राहिली. पट्टीने ती उचलली नाहीत.

भात थंड झाला. बाबांनी ताट बाजूला सरकवलं.

"आता विचारतंय," ते म्हणाले. "समितीत लिवलंय ता. माफ केलंस?"

मी वेळ घेतला. आता तो मला मिळत होता.

"नाय," मी म्हटलं. "अजून नाय."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते उठतील, पिशवी भरतील, गावी जायचं म्हणतील. त्यांनी ताट परत पुढे ओढलं, बांगड्याचा काटा काढून कडेला ठेवला आणि एक घास खाल्ला. खारट होतं, माझ्याही लक्षात आलं होतं.

"उद्या विचारू?"

"विचारा."

त्यांनी आणखी एक काटा काढून कडेला ठेवला. मग त्याच सपाट आवाजात, एकेक शब्द सुटा ठेवत म्हणाले, "उद्या तुझी ड्युटी किती वाजता सुटता?"